पेट्रोलच्या टाकीत ॲसिटोन किंवा थिनर घातल्याने ॲव्हरेज वाढतं का?

पाणंद

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीहून संगमेश्वरला रोज कामाला जातो. गाडी २०१४ ची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. पूर्वी लिटरला अठरा किलोमीटर सहज द्यायची. गेल्या पावसाळ्यानंतर पंधरावर आली आहे. निवळीचा घाट, बावनदी, हायवेची कामं हे सगळं आहेच, पण ते आधीही होतं.

ऑफिसातल्या एकाने व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ दाखवला. लिटरला दोन मिली शुद्ध ॲसिटोन टाकीत घालायचं, ॲव्हरेज वीस-तीस टक्के वाढतं म्हणे. कारण असं दिलंय की ॲसिटोनने पेट्रोलचा पृष्ठताण कमी होतो, फवारा बारीक होतो आणि न जळता सायलेन्सरमधून जाणारं पेट्रोल पूर्ण जळतं. दुसरा म्हणतो ॲसिटोन कशाला, रंगाच्या दुकानातला थिनर चालतो. तिसऱ्याने तर नेलपॉलिश रिमूव्हर सुचवलं.

इथे कोणी करून पाहिलंय का? महिन्याचा पेट्रोलचा खर्च पगाराच्या मानाने फार होतोय, म्हणून विचारतोय. इंजिन जाणकार लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

हातखंबा_तिठा

पहिला! बसतो इथेच. माझीही गाडी पेट्रोल पिते.

घाटमाथा

मी घालतो आणि फरक पडतो. माझं कोल्हापूर–रत्नागिरी नेहमीचं. ॲसिटोनआधी लिटरला सोळा मिळायचे, आता साडेअठरा. गाडी हलकी पळते, पिकअप सुधारलाय. शास्त्रवाले येऊन नाही म्हणतीलच, पण रस्त्यावर गाडी आपण चालवतो.

मिरग

काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची घालून बघा. गाडी आंबा घाट गाणं म्हणत चढेल.

द्रावक

लोट्याला केमिकल कंपनीत आहे, द्रावकांशी रोजचा संबंध. धाग्यातल्या मूळ दाव्याचे तुकडे करून लिहितो.

एक, पृष्ठताण. ॲसिटोनचा पृष्ठताण पेट्रोलपेक्षा किंचित जास्तच असतो. त्यामुळे ते घालून पेट्रोलचा पृष्ठताण कमी होण्याचा प्रश्नच नाही. हा दावा इथेच संपायला हवा होता, पण गेली वीसेक वर्षं इंटरनेटवर फिरतोय.

दोन, न जळणारं पेट्रोल. गरम झालेल्या, ठीक चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल जवळजवळ सगळं जळतं. न जळता सुटतं ते एक-दोन टक्क्यांच्या घरात, आणि त्यातलं बरंचसं पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं. मग आपले पैसे जातात कुठे? उष्णतेत. पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश चाकांकडे पाठवतं, बाकी रेडिएटर आणि धुराड्यातून जाते. ज्वलन आणखी पूर्ण करून मिळवायला तिथे वीस-तीस टक्के शिल्लकच नाहीत.

तीन, ऊर्जा. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल, लिटरभर ॲसिटोनमध्ये २३ च्या आसपास. ॲसिटोनच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला असतो, म्हणून ते कमी उष्णता देतं. आता लिटरला दोन मिली म्हणजे ०.२ टक्के. त्याचा परिणाम मोजला तर लिटरमागे वीस किलोमीटर देणारी गाडी अकरा-बारा मीटर कमी जाईल. ना नफा दिसणार, ना तोटा.

तेव्हा सांगितलेल्या मात्रेत ते निरुपयोगी आहे. काळजी पुढची आहे. फरक दिसला नाही की माणूस दोन मिलीचे वीस करतो, मग शंभर. आणि थिनर म्हणजे एकच पदार्थ नसतो. टोल्युइन, ॲसिटोन, एस्टर, कधी मिथेनॉल, प्रत्येक डब्यात मिश्रण वेगळं. रिमूव्हरमध्ये तर पाणी, सुगंध आणि कातडी कोरडी पडू नये म्हणून तेलकट पदार्थही असतात. ते टाकीत ओतू नका.

मिरग, पहिल्या धारेत पाणी भरपूर असतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल जवळजवळ निर्जल लागतं, नाहीतर पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. आंबा घाटात गाणं आपल्यालाच म्हणावं लागेल, बोनेट उघडून.

मिरग

:D मान्य. मग ती ज्याची जागा तिथेच राहू दे.

फायबरहोडी

बाबानू, मी मालवणाक फायबरच्यो होडयो करतंय. आमच्याकडे ॲसिटोन रोज लागता, ब्रश नि रोलर धुवक. रेझिन सुकाच्या आधी ब्रश ॲसिटोनात बुडवलो नाय तर तेचा लाकूड होता. त्याच ॲसिटोनात कामगारांचे हातमोजे चार दिवसांत फुगान फाटतत. हाताची कातडी पांढरी पडता. रबराचो असो इस्कोट करणारो पदार्थ मी माझ्या गाडयेच्या टाकीत कित्याक घालू?

मखरवाला

फायबरहोडी यांना अनुमोदन. थर्माकोलवर ॲसिटोनचे दोन थेंब टाकून बघा, भोक पडतं, डोळ्यांदेखत विरघळतं. पूर्वी थर्माकोलची मखरं करायचो तेव्हा पाहिलंय. एवढा पुरावा पुरेसा नाही का?

द्रावक

मखरवाला, हा पुरावा नको. थर्माकोल साध्या पेट्रोलमध्येही विरघळतं. टाकीत थर्माकोल नसतं, तिथे रबर असतं, म्हणून फायबरहोडींचं हातमोज्याचं उदाहरण जास्त कामाचं.

रबरांचं गणित असं आहे: नायट्राइल रबर पेट्रोलला टिकतं, ॲसिटोनला नाही. नव्या गाड्यांत फ्लोरोरबर असतं, ते पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींना चांगलं टिकतं, पण ॲसिटोनसारख्या कीटोनमध्ये फुगतं. ॲसिटोनला चांगलं टिकणारं ईपीडीएम रबर आहे, पण ते पेट्रोलमध्ये फुगतं. म्हणजे दोघांनाही पुरून उरेल असं नेहमीच्या वापरातलं रबर गाडीत बसवलेलं नसतं. ०.२ टक्क्याने लगेच काही होणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मात्रा वाढली की होतं.

सुरंगी

@घाटमाथा, तुमचे आकडे मला खोटे वाटत नाहीत. मोजलं कसं ते सांगाल का? टाकी कुठे फुल केली आणि परत कुठे फुल केली?

विचारण्याचं कारण, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आणि रत्नागिरी समुद्राच्या काठावर. हजार किलोची गाडी तेवढी वर चढवायला, इंजिनातले तोटे धरून, अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल जास्तीचं लागतं. उतरताना त्यातलं बरंचसं वाचतं. एकशेतीसच्या आसपास किलोमीटरांच्या प्रवासात एवढ्याने चढताना सोळा आणि उतरताना साडेअठरा अगदी सहज दिसतात. ॲसिटोन न घालता.

घाटमाथा

दोन्ही बाजूंनी मोजलंय, ताई. येऊन-जाऊनचा हिशोब आहे. घाट आम्हालाही कळतो.

सुरंगी

मग उत्तमच. तरी आणखी दोन गोष्टी राहतात.

मी गाडी घेतल्यापासून पेट्रोलची वही ठेवते, म्हणून सांगते. फुल टँक म्हणजे काय ते पंपावरच्या माणसावर अवलंबून असतं. एक जण नोझल आपोआप थांबलं की थांबतो, दुसरा शंभराचा आकडा पुरा करायला आणखी दोनदा दाबतो. त्यात अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होतो. दहा लिटरच्या भरण्यावर ती पाच ते दहा टक्क्यांची चूक झाली. शिवाय गाडी उतारावर उभी की सपाटीला, यानेही फरक पडतो. म्हणून एका भरण्यावरून निष्कर्ष काढू नये. तोच पंप, शक्य तर तेच मशीन, पहिल्या कटला थांबायचं, आणि निदान पाच-सहा टाक्यांची बेरीज करून किलोमीटर भागिले लिटर.

दुसरी गोष्ट पायाची. प्रयोग चालू आहे हे चालकाला माहीत असलं की तो नकळत हलक्या पायाने चालवतो. घाटात ट्रकमागे शांत राहतो, ओव्हरटेकची घाई करत नाही. तेवढ्यानेही दहा टक्के सहज सुधारतात. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ॲसिटोन घालायला किंवा न घालायला सांगा, आणि कधी घातलं ते तुम्हाला कळू देऊ नका. शेवटी दोघांच्या नोंदी शेजारी ठेवा.

घाटमाथा

हे मात्र पटलं. मुलाला कामाला लावतो. आकडे घेऊन येईन, तोवर माझं मत तेच.

जुनी_स्कूटर

थोडं जुनं सांगतो. आमच्या तरुणपणी रत्नागिरीत स्कूटरच्या टाकीत डांबर गोळ्या टाकायची पद्धत होती. दोन गोळ्या टाकल्या की गाडी घाट चढते अशी सगळ्यांची खात्री. माझे एक मामा तर कपाटातल्या साड्यांना गोळ्या उरू द्यायचे नाहीत, मामी चिडायची.

नॅफ्थलिन पेट्रोलमध्ये विरघळतं आणि त्याचा ऑक्टेनही चांगला असतो, एवढ्यापुरती ती गोष्ट हवेतली नव्हती. पण स्कूटर आठ-पंधरा दिवस उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जायचं आणि मागे पांढरे खडे राहायचे. मग जेट काढून तारेने साफ करत बसा. गणपतीत मुंबईहून आलेला चुलतभाऊ स्कूटरला किक मारून घामाघूम झालेला अजून डोळ्यांसमोर आहे. आता बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत नॅफ्थलिन नसतंच, डायक्लोरोबेन्झिन असतं. ते जळलं की क्लोरिनची आम्लं तयार होतात. ती इंजिनात अजिबात नकोत.

ऑक्टेनबद्दलही एक गैरसमज आहे. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली इंधनाने आपोआप पेट घेऊ नये, तो गुण म्हणजे ऑक्टेन. गाडी ९१ ऑक्टेनसाठी बनवलेली असेल आणि ती ठोकत नसेल (इंजिनातून टकटक आवाज येत नसेल), तर जास्त ऑक्टेनने ॲव्हरेज वाढत नाही.

दर्यावर्दी

जुनी स्कूटर काका, छान लिहिलंत. आमच्या छोट्या होड्यांना रॉकेलवर चालणारी आऊटबोर्ड इंजिनं असतात. सुरू पेट्रोलवर करायचं, तापलं की रॉकेलवर घ्यायचं, आणि बंद करताना परत थोडा वेळ पेट्रोलवर चालवून मग बंद करायचं, म्हणजे पुढच्या वेळी सुरू होतं. ते बघून आमच्या वाडीतल्या पोरांना वाटतं मोटरसायकलही रॉकेलवर चालेल.

पण आमचं इंजिन रॉकेलसाठीच बनवलेलं असतं, त्याचं कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं असतं. मोटरसायकलमध्ये रॉकेल घातलं की ठोकतं, प्लग काळा होतो, तेल पातळ होतं. इंधन आणि इंजिन यांची जोडी कारखान्यात ठरलेली असते. ती आपण घरी बदलू नये.

चावडी

एक कायद्याचा मुद्दा, कारण अजून कोणी लिहिला नाही. केंद्र सरकारचा सॉल्व्हंट, रॅफिनेट आणि स्लॉप यांबाबतचा २००० सालचा आदेश आहे. जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा. त्याच्या नावातच वाहनांमधल्या वापराला प्रतिबंध असा उल्लेख आहे. पेट्रोलमध्ये स्वस्त पेट्रोलियम सॉल्व्हंट मिसळून विकणाऱ्यांना रोखायला तो काढला गेला.

ही भेसळ किती भयंकर थराला गेली होती ते महाराष्ट्र विसरलेला नाही. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडायला गेलेल्या अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं.

आणि ‘जादूचं इंधन’ म्हटलं की १९९६ आठवावं. तमिळनाडूच्या रामर पिल्लई यांनी वनौषधींपासून पेट्रोल बनवल्याचा दावा केला, देशभर गाजला. पुढे सीबीआयच्या तपासात ते पेट्रोलियमपासूनच्या द्रावकांचं मिश्रण निघालं आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली. झाडपाल्याच्या नावाखाली टोल्युइनसारखीच मंडळी होती.

डिझेलवाली_वाट

थोडं अवांतर. डिझेल गाडीत लिटरला थोडं टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) किंवा रॉकेल घातलं तर? बीएस सिक्स गाडी आहे.

पाना_बारा_तेरा

डिझेलवाली वाट, नको. कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. रॉकेल वंगणाला कोरडं, पंप खरवडतो, आणि त्या पंपाचं बिल ऐकून तुम्ही खाली बसाल. टूटी ऑइलची राख पुढे डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, अडकते. डिझेल चांगल्या पंपावर घ्या, फिल्टर वेळेवर बदला, फिल्टरच्या तळाचं पाणी पावसाळ्यात काढत जा. बस्स.

मूळ धाग्यावर रात्री लिहितो, आत्ता गाडी वर घेतलेली आहे.

जांभा

सगळे ॲसिटोनवर भांडताय, पण पाणंद यांचं ॲव्हरेज ई-ट्वेंटीने (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) पडलं असेल की! २०२३ च्या फेब्रुवारीत हे पेट्रोल सुरू झालं आणि २०२५ पर्यंत जवळजवळ सगळ्या पंपांवर तेच आलं. त्यांची गाडी २०१४ ची.

द्रावक

जांभा, योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. वीस टक्के मिसळलं की मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-टेनला जुळवलेल्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट धरली आहे, आणि ई-टेनसाठी बनवून ई-ट्वेंटीला जुळवलेल्यांसाठी एक-दोन टक्के. ज्यांनी हे मुळात शुद्ध पेट्रोलशी ताडून पाहिलं त्यांना घट पुरती दिसेल. ज्यांच्या गाडीत आधीपासून ई-टेन जात होतं त्यांना तीन-साडेतीन टक्केच.

पाणंद, तुमच्या अठराचे सात टक्के गेले तरी पावणेसतरा उरतात. पंधरा नाही. म्हणजे दीड-पावणेदोन किलोमीटर आणखी कुठेतरी जाताहेत. ई-ट्वेंटीवर सगळं ढकलून मोकळं होऊ नका.

जांभा

हा हिशोब आवडला. वाचनखूण साठवली.

आगळ

सगळ्यांनी गाडीचा विचार केला, घराचा कोणी करेना म्हणून लिहिते. ॲसिटोनची बाटली घरात कुठे ठेवणार आहात? आमच्याकडे बहुतेक घरांत माजघरालगत स्वयंपाकघर, तिथे गॅस, आणि देवघरात निरांजन. ॲसिटोन उणे २० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, त्याची वाफ हवेच्या दुप्पट जड असते, म्हणून ती जमिनीलगत सरकत पार दुसऱ्या खोलीत जाते. वास जाणवेपर्यंत तिने ज्योत गाठलेली असू शकते.

गाडीच्या डिकीत ठेवाल तर मे महिन्यात ती बाटली फुगेल. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायची सवय तर फारच वाईट, रंग पाण्यासारखाच असतो आणि घरात लहान मुलं असतात. पाणंद भाऊ, आणलं असेल तर आधी त्याची व्यवस्था करा.

पाणंद

आगळ ताई, खरंच बाटली आणून ठेवली होती. हा प्रतिसाद वाचल्याबरोबर बाहेर पडवीच्या टोकाला नेऊन ठेवली. मुलगी पाच वर्षांची आहे. मनापासून आभार.

टाकीत मात्र अजून काही घातलेलं नाही.

पाना_बारा_तेरा

आता सविस्तर. कुडाळला माझं गॅरेज आहे.

आधी थिनरचं. एका गिऱ्हाईकाने थिनर घालत राहिलेली गाडी आणली होती, सुरू व्हायला त्रास म्हणून. मागच्या सीटखालचं झाकण उघडून टाकीतला पंप बाहेर काढला. पंपाच्या तोंडाला जी मोठी रबरी रिंग असते ती बोटाने दाबली तर पिकलेल्या जांभळासारखी मऊ लागली. परत खाचेत बसवायला गेलो तर बसेना, परिघ वाढलेला, एका बाजूने दाबली की दुसरीकडून वर यायची. साध्या पेट्रोलमध्येही रिंग थोडी फुगते, पण एवढी नाही. रिंग स्वस्त असते. पण ती गळती लागली की पेट्रोलची वाफ थेट सीटखाली. माणसं त्यावर बसून बिडी ओढतात.

आता पाणंद यांचा मूळ प्रश्न. सगळ्यांनी ॲसिटोन पकडलं, पण त्यांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की पावसाळ्यानंतर ॲव्हरेज पडलं. कोकणात पावसाळ्यानंतर ॲव्हरेज पडलं की मी टाकीकडे बघतच नाही, चाकांकडे बघतो. चार महिने पाऊस, वर खारा वारा. ब्रेक कॅलिपरच्या पिना गंजून जाम होतात, ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. मागे ड्रम असेल तर हँडब्रेकची केबल आत गंजते आणि शू पूर्ण मागे येत नाहीत. गाडी चालते, आवाज नसतो, फक्त पेट्रोल जातं.

घरी तपासायचं असेल तर असं करा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून या, शेवटचा टप्पा शक्य तितका ब्रेक न दाबता. उतरून प्रत्येक चाकाजवळ हात न्या, डिस्कला किंवा ड्रमला लावू नका, चटका बसेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर चोर तिथे आहे. नाहीतर सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, मागचं एक चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे. गाडीखाली शिरू नका, जॅक घसरतो.

दुसरं, हवा. थंड टायरमध्ये तपासा, दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो तेवढी ठेवा. हायवेच्या खड्ड्यांनी अलाइनमेंट गेलेलं असतं, टायर एका कडेने झिजला असेल तर ते बघून घ्या.

तिसरं, थर्मोस्टॅट. तो उघडा अडकला की इंजिन नीट तापत नाही आणि कॉम्प्युटर गाडी थंड आहे समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. दहा-अकरा वर्षांच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरही आळशी होतो. स्कॅनर लावला की दोन्ही कळतात.

चौथं, एअर फिल्टर. लाल धुळीने भरलेला असतोच. पण पावसाळ्यात उंदीर त्या डब्यात घर करतात. मागे एका गाडीत फिल्टरच्या डब्यात नारळाची काथ्या, सुपारीच्या साली आणि अर्धी शेंगदाण्याची पिशवी निघाली. वायरी कुरतडतात ते वेगळंच.

इंजेक्टर साफ करणारं चांगल्या कंपनीचं लिक्विड मिळतं, त्यातले पॉलिइथरअमाइनवाले काम करतात. पण ते साचलेली काजळी काढतात, म्हणजे गेलेलं परत मिळतं. कारखान्यातून आलेल्या ॲव्हरेजच्या वर कोणतीही बाटली नेत नाही.

सुरंगी

पाना दादा, अप्रतिम प्रतिसाद. एकच भर. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत एअर फिल्टर चोंदला तर ॲव्हरेजपेक्षा पिकअप जास्त मरतो, कारण जेवढी हवा आत येते तेवढंच पेट्रोल कॉम्प्युटर देतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत मात्र ॲव्हरेज पडायचं. फिल्टर बदलावा हे खरंच, पण पाणंद यांचे दीड किलोमीटर तिथे सापडतील असं वाटत नाही.

पाना_बारा_तेरा

बरोबर आहे ताई. माझा संशय ब्रेकवरच आहे.

मनीऑर्डर

पेट्रोलमध्येच भेसळ असेल तर? आमच्याकडे एका पंपावर भरलं की गाडी ठोकते.

चावडी

पंपावर फिल्टर पेपर मागा, तो ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. नोझलचं तोंड पुसून पेट्रोलचा एक थेंब पेपरवर टाका. दोन मिनिटांत उडून गेला आणि डाग राहिला नाही तर ठीक. तेलकट डाग राहिला तर शंका घ्या. हलकं सॉल्व्हंट मिसळलेलं असेल तर ते या चाचणीत सापडत नाही, कारण तेही उडतं. मापाची शंका असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा, तेही पंपावर असलंच पाहिजे. तक्रार लेखी द्या, पावती जोडा.

हातखंबा_तिठा

पाच लिटरचं माप मागितल्यावर पंपावरचा माणूस जसा बघतो तसं सासरेही बघत नाहीत. तरी मागा.

पाणंद

मंडळी, रविवारी पाना दादांनी सांगितल्याप्रमाणे केलं. आरेवारेच्या रस्त्याने फिरून आलो. मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर धग लागत होती, उजवं कोमट. जॅकवर घेऊन फिरवलं तर डावं अर्ध्या फेऱ्यात थांबतं, आतून खर्र आवाज. उजवं मोकळं. पुढची दोन्ही ठीक वाटली. हवाही दोन टायरमध्ये बरीच कमी निघाली.

आता ड्रम उघडून घेणार आहे. मेकॅनिकला नेमकं काय सांगू? शू बदलावेच लागतील का?

पाना_बारा_तेरा

आधीच शू बदलू देऊ नका. ड्रम काढून घासून साफ करायला सांगा, शूची जाडी तुमच्यासमोर बघा. व्हील सिलिंडरचं रबर उचलून आत ओल आहे का बघा, ओल असेल तर सिलिंडर बदलायचा आणि शूला तेल लागलं असेल तर दोन्ही बाजूंचे शू एकदम. कोरडं असेल तर ॲडजस्टर मोकळा करून ब्रेकला चालणारं ग्रीस, आणि हँडब्रेकची केबल पूर्ण मागे येते का ते बघायचं. केबल अडकत असेल तर ती बदला, तेल सोडून चार दिवस चालेल पण पुढच्या आषाढात परत जाम होईल.

आणि पावसाळ्यात गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढू नका. सपाटीला गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

सुरंगी

काम झालं की टाकी पहिल्या कटपर्यंत भरा आणि त्याच पंपावर नोंद ठेवायला लागा. हवा आणि ब्रेक दोन्ही एकदम दुरुस्त होणार, त्यामुळे कशाने किती हे वेगळं कळणार नाही, पण एकूण आकडा इथे नक्की लिहा.

घाटमाथा

माझीही मागची चाकं बघून घेतो. ॲसिटोनचा मुलाबरोबरचा प्रयोग चालू आहे, तो सोडलेला नाही.

पाणंद

सर्वांचे आभार. शेवटचं एक, पडवीतल्या त्या ॲसिटोनच्या बाटलीचं काय करू? मोरीत ओतू का?

द्रावक

मोरीत नको, विहिरीजवळच्या जमिनीत तर मुळीच नको. झाकण घट्ट लावून, मूळ लेबलाच्याच बाटलीत, उन्हापासून आणि विस्तवापासून लांब ठेवा आणि रोज वापरणाऱ्या कोणाला तरी देऊन टाका. रंगारी, फर्निचरवाला, फायबरचं काम करणारा.

फायबरहोडी

पाणंद, खंय मालवणाकडे येणा झाला तर घेवन ये. ब्रश माझे वाट बघतहत. जेवकच ये, बांगडे ताजे असतले.